मनाचे दुखणे, जवळचा दवाखाना आणि संगणकाची साथ

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विज्ञान आणि आरोग्य या विषयावर मी चार शब्द बोलावेत, अशी संस्थेची इच्छा आहे. विषय समुद्राएवढा आणि वेळ ओंजळभर. म्हणून त्यातला एकच भाग मी आज निवडला आहे. मनाच्या आजारावर आपल्या जवळच्या साध्या दवाखान्यात उपचार होऊ शकतात काय, आणि त्या कामी डॉक्टरला संगणकाची मदत कितपत होते, एवढाच प्रश्न मी आपल्यापुढे मांडणार आहे. हा विषय आपल्या घराच्या उंबऱ्याच्या आतला आहे, म्हणून पालकांनी आणि मुलांनी तो सारख्याच लक्षाने ऐकावा, ही विनंती.

शरीराला ताप आला तर आपण लपवीत नाही. शेजारीपाजारी सांगतो, डॉक्टरकडे जातो, औषध घेतो. मनाला ताप आला तर मात्र आपली वागणूक वेगळी असते. मुलगा अभ्यासात मागे पडला, कोणाशी बोलेनासा झाला, तर आपण त्याला आळशी म्हणतो. सून रात्ररात्र जागी राहू लागली, तर तिला बाहेरचे काही झाले आहे असे म्हणतो. मुलीला दडपण येऊन श्वास कोंडू लागला, तर "ही गोष्ट बाहेर जाता कामा नये, उद्या हिचे लग्न व्हायचे आहे" असे म्हणतो. लोक काय म्हणतील, या एका वाक्याने आपल्या समाजात किती माणसांचे किती दिवस वाया गेले असतील, याची गणती कोणी केलेली नाही.

बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेने, म्हणजे निम्हान्सने, २०१५-१६ साली १२ राज्यांत एक मोठी पाहणी केली. त्यात महाराष्ट्र नव्हता, परंतु चित्र आपल्यालाही लागू पडावे असेच आहे. सुमारे २० माणसांमागे एकाला आयुष्यात केव्हा ना केव्हा नैराश्याचा आजार झालेला आढळला. मनाच्या निरनिराळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारापर्यंत पोहोचलेलेच नव्हते. याचे एक कारण लाज हे आहे, आणि दुसरे कारण तज्ज्ञांची वाण हे आहे. त्या १२ राज्यांपैकी केरळ वगळता एकाही राज्यात लाख लोकसंख्येमागे एक मानसोपचारतज्ज्ञ पुरता मिळत नव्हता.

विद्यार्थ्यांच्या बाबतीत तर ही गोष्ट जिवावर बेतणारी आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात आपल्या देशात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. यातील प्रत्येक मुलाच्या मागे आई होती, बाप होता, वर्गशिक्षक होते. ही आपली मुले आहेत, दुसऱ्या कोणाची नाहीत.

मग रुग्ण जातात कुठे? काही देवस्थानांत, काही दर्ग्यांत, काही मांत्रिकाकडे. दुआ मागण्याला माझा विरोध नाही. दुःखी माणसाला तिचा आधार वाटतो. परंतु दुआ मागावयाची आणि दवा टाळावयाची, असा याचा अर्थ होत नाही. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे, दर्ग्याच्या गावात चालविल्या जाणाऱ्या एका खासगी आश्रयगृहाला आग लागली. तेथील मनोरुग्णांना साखळ्यांनी बांधून ठेवले होते, त्यांना पळता आले नाही. २८ माणसे गेली. उलट गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातील उनावा येथे मीरा दातार दर्ग्याच्या आवारातच मानसोपचाराची सोय करणारा दवा-दुआ नावाचा उपक्रम उभा राहिला. श्रद्धा आणि औषध एका अंगणात नांदू शकतात, हे तेथे दिसून आले. आता तर २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास स्पष्ट मनाई केली आहे.

परंतु आपल्यातले पुष्कळसे रुग्ण आणखी एका ठिकाणी जातात, आणि ते आपल्या लक्षात येत नाही. ते जातात आपल्या गावच्या, आपल्या मोहल्ल्यातील डॉक्टरकडेच. मात्र तेथे ते मनाचे नाव काढीत नाहीत. डोके दुखते, कंबर धरते, अंगात ताकद नाही, पोटात वायू धरतो, छातीत धडधडते, झोप येत नाही, असे सांगतात. डॉक्टरपुढे तीस-चाळीस रुग्णांची रांग असते. तो ताकदीचे इंजेक्शन देतो, एखादे वेळी सलाईन लावतो, झोपेच्या गोळ्या लिहितो. पैसे जातात, दुखणे राहते. रुग्णाने खरे सांगितले नाही आणि डॉक्टरने विचारले नाही, अशी ही दोन्हीकडची अडचण आहे.

सपाट प्रदेशात साधारण ३० हजार आणि डोंगराळ भागात २० हजार लोकांसाठी एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, असे सरकारी प्रमाण आहे. तेथील डॉक्टरला बाळंतपण, सर्पदंश, क्षयरोग, मलेरिया, मधुमेह, लसीकरण असे सर्व काही पाहावे लागते. त्याने मनाच्या आजाराचे प्रत्येक लक्षण, प्रत्येक औषधाची मात्रा आणि प्रत्येक धोका तोंडपाठ ठेवावा, ही अपेक्षा रास्त नाही. येथेच संगणकाचा उपयोग सुरू होतो.

वैद्यकात संगणक आणण्याची कल्पना नवी नाही. आपल्याकडे ज्या काळी त्याला गणकयंत्र म्हणत, त्या काळी, १९७२ साली, इंग्लंडमधील लीड्स येथे द डोंबाल नावाच्या शल्यविशारदाने व त्याच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकाएकी पोटात दुखू लागलेल्या ३०४ रुग्णांची लक्षणे त्यांनी यंत्रात भरली. यंत्राचे निदान सुमारे ९२ टक्के वेळा बरोबर निघाले. तेथील अनुभवी डॉक्टरांचे सुमारे ८० टक्के वेळा. यंत्र डॉक्टरहून शहाणे ठरले, असा याचा अर्थ लावू नये. यंत्राला जी माहिती मिळाली ती डॉक्टरांनीच रुग्णाला विचारून, तपासून, ठरावीक तक्त्यात भरली होती. पुढे असेही दिसून आले, की असा तक्ता नेमाने भरू लागल्यावर डॉक्टरांचे स्वतःचे निदानही सुधारते. प्रश्न न विसरता विचारणे आणि उत्तर नीट लिहून घेणे, यातच अर्धे वैद्यक आहे.

मनाच्या आजाराला ही गोष्ट विशेष लागू पडते. मनाला थर्मामीटर लावता येत नाही. नैराश्य दाखविणारी रक्ताची तपासणी अजून निघालेली नाही. तेथे प्रश्न हीच तपासणी आणि उत्तर हाच अहवाल. म्हणून तज्ज्ञांनी अनेक वर्षे खपून प्रश्नावल्या तयार केल्या. त्यांपैकी २००१ साली प्रसिद्ध झालेली पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची यादी आज जगभर वापरली जाते. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटतो का, मन उदास राहते का, झोप कशी आहे, थकवा येतो का, भूक कशी आहे, आपण नालायक आहोत असे वाटते का, लक्ष लागते का, हालचाल मंदावली आहे किंवा फार अस्वस्थता आहे का, आणि जगू नये किंवा स्वतःला इजा करावी असा विचार येतो का, असे हे नऊ प्रश्न आहेत. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. एकूण २७. दहा किंवा त्याहून अधिक गुण आले, तर डॉक्टरने अधिक खोलात शिरावे असा संकेत आहे. मात्र नवव्या प्रश्नाला थोडेसे जरी "होय" उत्तर आले, तरी बेरजेची वाट न पाहता त्याच वेळी विचारपूस करावयाची असते. परीक्षेत जास्त गुण चांगले, येथे मात्र कमी गुण चांगले, एवढे मुलांनी ध्यानात ठेवावे. आणि हेही ध्यानात ठेवावे की ही गुणांची बेरीज म्हणजे निदान नव्हे. निदान डॉक्टरच करतो.

आता संगणक नेमके काय करतो ते पाहू. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली, मानसोपचारतज्ज्ञ नसलेल्या डॉक्टरांसाठी व परिचारिकांसाठी, मनाच्या व मज्जासंस्थेच्या आजारांवर एक मार्गदर्शिका काढली. २०१६ साली तिची दुसरी आवृत्ती आली. एखाद्या गावचा नकाशा असावा तशी ती आहे. या वळणावर हे विचारा, उत्तर होय आले तर इकडे वळा, नाही आले तर तिकडे वळा. हा नकाशा संगणकात किंवा मोबाईलमध्ये बसविला, की गर्दीच्या वेळीसुद्धा डॉक्टरला एकही वळण चुकवू न देण्याचे काम यंत्र करते.

एक उदाहरण देतो. रुग्ण उदास आहे, नैराश्याचे गुण जास्त आले आहेत. घाईतला डॉक्टर लगेच नैराश्याची गोळी लिहील. यंत्र त्याला थांबवते. हा थकवा रक्त कमी असल्यामुळे किंवा थायरॉईडच्या दोषामुळे तर नाही ना, ते पाहा, म्हणते. दारूचे किंवा इतर व्यसन आहे का, विचारा. घरात नुकताच कोणाचा मृत्यू झाला आहे का, विचारा. बाई गरोदर आहे का, अंगावर पाजते का, विचारा. आणि पूर्वी कधी असे झाले होते का, की काही दिवस झोप नसतानाही अंगात अफाट उत्साह, अखंड बडबड, वारेमाप खर्च? या शेवटच्या प्रश्नाला फार महत्त्व आहे. तसे झाले असेल तर तो आजार दोन टोकांचा आहे, आणि त्याला नुसती नैराश्याची गोळी दिल्यास रुग्ण दुसऱ्या टोकाला जाऊन उन्मादात शिरू शकतो. रुग्ण १२ वर्षांच्या आतला असेल, तर नैराश्यासाठी ही औषधे देऊ नका, अशी सूचना ते देते. औषध सुरू केल्यावर गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात, हे रुग्णाला सांगा, म्हणते. बरे वाटू लागल्यावरही नऊ ते बारा महिने औषध चालू ठेवा आणि एकदम बंद करू नका, याची आठवण करते. यातले काहीही अद्भुत नाही. हे सारे पुस्तकात आहेच. परंतु योग्य रुग्ण समोर असताना योग्य पान उघडून देणारा कोणी तरी हवा असतो. तो मदतनीस म्हणजे संगणक.

मग एवढ्याने काम भागते काय? या प्रश्नाचे उत्तर फार शिकवण्यासारखे आहे, म्हणून ते मी जरा विस्ताराने सांगतो. २००२ साली अमेरिकेतील पिट्सबर्ग येथून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तेथील साध्या दवाखान्यांतील डॉक्टरांना संगणकावरून कळविण्यात आले, की तुमच्या अमुक रुग्णाला नैराश्य आहे, आणि त्यावर उपचार असे असे आहेत. सल्ला उत्तम होता, वेळेवर होता. परंतु तीन आणि सहा महिन्यांनी पाहिले, तर ज्यांच्या डॉक्टरांना असा सल्ला मिळाला आणि ज्यांच्या डॉक्टरांना मिळाला नाही, अशा रुग्णांच्या प्रकृतीत फारसा फरक नव्हता.

त्याच वर्षी अमेरिकेतच दुसरा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. १८ दवाखान्यांतील १,८०१ वृद्ध रुग्ण त्यात होते. येथे निम्म्या रुग्णांमागे एक स्वतंत्र काळजीवाहक नेमली होती. ती रुग्णाला समजावून सांगे, ठरल्या दिवशी फोन करी, औषध घेता का, गुण आला का, विचारी, आणि गुण येत नसेल तर डॉक्टरला व तज्ज्ञाला कळवी. वर्षाअखेर या रुग्णांपैकी ४५ टक्क्यांचे नैराश्य निम्म्याने किंवा अधिक कमी झाले. ज्यांना नेहमीचेच उपचार मिळाले त्यांच्यापैकी फक्त १९ टक्क्यांचे. पहिल्या ठिकाणी सल्ला होता, पण पाठपुरावा करणारे माणूस नव्हते. दुसऱ्या ठिकाणी ते होते. मला आज जे सांगावयाचे आहे त्याचे सार या दोन अभ्यासांत आहे. यंत्र आठवण करून देते; पाठपुरावा माणसालाच करावा लागतो.

हे झाले अमेरिकेचे. आपल्या शेजारच्या गोव्यात काय झाले तेही ऐका. डॉ. विक्रम पटेल आणि संगाथ या संस्थेतील त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे मानस नावाचा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. १२ सरकारी आरोग्य केंद्रे आणि १२ खासगी दवाखाने त्यात होते, आणि २,७९६ रुग्ण होते. डॉक्टर नसलेल्या, पण या कामासाठी शिकवून तयार केलेल्या साध्या माणसांना तेथे समुपदेशक म्हणून नेमले. सरकारी केंद्रांतील जे रुग्ण आजारी ठरले होते, त्यांच्यापैकी सहा महिन्यांनी सुमारे ६६ टक्के बरे झाले. जेथे समुपदेशक नव्हते तेथे ४२ टक्के. खासगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाही. गावातली शिकविलेली ताई किंवा भाऊ काय करू शकतात, ते सरकारी केंद्रांनी दाखवून दिले.

आता या दोन धाग्यांची, म्हणजे यंत्राची आणि गावातल्या ताईची, गाठ घालणारा प्रयोग सांगतो. जॉर्ज इन्स्टिट्यूट या आरोग्य संशोधन संस्थेने आंध्र प्रदेशातील पश्चिम गोदावरी जिल्ह्यात ३० आदिवासी गावांत तो प्रथम केला. आशा कार्यकर्तीच्या हातात पाटीएवढा संगणक, ज्याला आपण टॅब्लेट म्हणतो, तो दिला. ती घरोघर जाऊन प्रश्न विचारी आणि उत्तरे त्यात भरी. गुण जास्त आलेल्या माणसाची माहिती प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरच्या टॅब्लेटवर जाई, आणि पुढे काय विचारावे, काय द्यावे, तज्ज्ञाकडे केव्हा पाठवावे, हे त्याला यंत्र सुचवी. डॉक्टरने लिहिलेले पुन्हा आशाताईकडे येई. कोणाच्या घरी आधी जावयाचे हे तिला रस्त्यावरच्या सिग्नलप्रमाणे रंगांवरून कळे. जोडीला गावात नाटके, चित्रफिती आणि पत्रके यांतून मनाच्या आजाराविषयीची लाज कमी करण्याची मोहीम चालविली होती.

२०१७ साली प्रसिद्ध झालेला त्याचा हिशेब असा. ५,००७ प्रौढ माणसांची तपासणी झाली. त्यांतील २३८ जणांना डॉक्टरकडे जाण्यास सांगितले. या २३८ पैकी पूर्वी मनाच्या आजारासाठी उपचार घेतलेले फक्त दोन होते. प्रयोगाच्या काळात हे प्रमाण १२.६ टक्क्यांवर गेले. म्हणजे दोनाचे सुमारे तीस झाले. आनंद मानावा अशीच ही गोष्ट आहे. परंतु उरलेल्या दोनशेहून अधिक माणसांचा विचार करा. यंत्राने त्यांना ओळखले होते, आशाताईने त्यांना सांगितले होते, डॉक्टर आरोग्य केंद्रात होता. तरी पाऊल पडले नाही. त्या अनुभवातून शिकून संशोधकांनी पुढे आंध्र प्रदेश आणि हरियाणा या राज्यांत ४४ प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या परिसरात हा प्रयोग अधिक मोठ्या प्रमाणावर केला. यंत्र, आशाताई आणि लाज घालविण्याची मोहीम ही तिन्ही जेथे होती, तेथे नैराश्याचे गुण नेहमीच्या उपचारांच्या मानाने अधिक खाली आले. मात्र घराबाहेर पडावे की पडू नये, हे घरातली माणसेच ठरवितात. तो निर्णय कोणताही संगणक घेऊ शकत नाही.

येथे भाषेविषयी दोन शब्द बोलले पाहिजेत. संगणकाला आपण जे शिकवू तेवढेच तो जाणतो. आपली माणसे "मला नैराश्य आले आहे" असे सांगत नाहीत. ती म्हणतात, जीव घाबरतो, डोके जड झाले आहे, कशात मन लागत नाही, हातापायांना मुंग्या येतात. आपल्यापैकी ज्यांच्या घरी उर्दू किंवा दखनी बोलली जाते, त्यांची आई म्हणते, दिल घबराता है. शुद्ध पुस्तकी मराठीत किंवा इंग्रजीत घडविलेला प्रश्न तिच्यापुढे ठेवला, तर ती "नाही" म्हणून मोकळी होईल, आणि यंत्र तिला निरोगी ठरवील. आपल्या बोलीतले प्रश्न आपल्यातल्याच शिकलेल्या मुलामुलींनी तयार केले पाहिजेत, तज्ज्ञांकडून तपासून घेतले पाहिजेत. हे काम दुसरा कोणी येऊन करील, या भरवशावर राहता येणार नाही.

विद्यार्थी मित्रांनो, आणखी एक सावधगिरीची सूचना. आजकाल मोबाईलवर प्रश्न लिहिला की यंत्र माणसासारखे उत्तर देते. रात्री एकटे वाटले म्हणून कित्येक मुले आपले दुःख त्याच्यापुढे मांडतात. ही ओढसुद्धा जुनी आहे. १९६६ साली अमेरिकेतील प्राध्यापक वायझेनबाउम यांनी एलायझा नावाची संगणकी संभाषणाची रचना प्रसिद्ध केली. ती समोरच्याचेच वाक्य फिरवून प्रश्न करी, तिला कळत काहीच नव्हते. परंतु त्यांची स्वतःची चिटणीस तिच्याशी बोलताना इतकी रंगली, की तिने साहेबांना खोलीबाहेर जाण्यास सांगितले. हे पाहून ते चकित झाले आणि पुढे अशा यंत्रांविषयी सावध करणारे पुस्तकच त्यांनी १९७६ साली लिहिले. आजची यंत्रे त्याहून शतपटीने बोलकी आहेत. परंतु दवाखान्यातल्या संगणकामागे सही करणारा, जबाबदार असणारा डॉक्टर असतो. मोबाईलमधल्या गप्पांमागे तसे कोणी नसते. तुमचे डोळे सुजलेले आहेत, तुम्ही दोन दिवस जेवलेले नाही, हे त्याला दिसत नाही. मन मोकळे करण्यास यंत्र वापरले तर वापरा, परंतु तेवढ्यावर थांबू नका. एका तरी जिवंत माणसाला सांगा.

पालकांना माझ्या पाच विनंत्या आहेत. पहिली, दोन आठवड्यांहून अधिक काळ मूल उदास, चिडके, अबोल राहिले, झोप-भूक बिघडली, तर रागावण्याआधी डॉक्टरला दाखवा. दुसरी, डॉक्टरने किंवा आशाताईने प्रश्न विचारले तर मुलीच्या वतीने आईने आणि सुनेच्या वतीने सासूने उत्तरे देऊ नका. तिला एकटीला बोलू द्या. खोटे उत्तर आत गेले तर यंत्रातून खोटाच सल्ला बाहेर येणार. तिसरी, चार दिवसांत गुण आला नाही म्हणून औषध टाकू नका, आणि बरे वाटले म्हणून स्वतःच्या मनाने बंदही करू नका. चौथी, ही गोष्ट बाहेर फुटेल अशी भीती बाळगू नका. आपल्या आजाराची माहिती गुप्त राहावी, हा रुग्णाचा हक्क २०१७ च्या कायद्याने मान्य केला आहे. टॅब्लेटवर माहिती भरणाऱ्याला ती कोठे जाते, कोण पाहते, असे विचारण्यात काहीही गैर नाही, अवश्य विचारा. पाचवी, आणि सर्वांत मोठी: मुलाच्या तोंडून मरणाची भाषा आली, तर ती धमकी समजू नका, नाटक समजू नका. त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा सुरू केली आहे. तिचा क्रमांक १४४१६. तेथे फोन करावयास पैसे लागत नाहीत आणि आपल्या भाषेत बोलता येते. हा क्रमांक आज घरी गेल्यावर भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यातून उद्या कोणी डॉक्टर होईल, कोणी परिचारिका, कोणी मानसशास्त्राचा अभ्यास करील, कोणी संगणकाच्या आज्ञावली लिहील. आजवर हे मार्ग निरनिराळे मानले जात. मी सांगितलेल्या कामात ते सारे एके ठिकाणी येतात. ज्याला औषध कळते पण माणसाची भाषा कळत नाही, किंवा ज्याला यंत्र कळते पण आजार कळत नाही, अशाच्या हातून हे काम होणार नाही. विशेषतः मुलींना मी सांगेन, की आपल्या वस्तीतली आई आपले मन तुमच्यापुढे जितके उघडेल तितके दुसऱ्या कोणापुढे उघडणार नाही. तुमच्या शिक्षणाची गरज केवळ तुमच्या घराला नाही, साऱ्या वस्तीला आहे. आणि यांपैकी काहीच व्हावयाचे नसेल, तरी एक गोष्ट आजच करता येते. वर्गात शेजारच्या बाकावर बसणारा मित्र अलीकडे गप्प गप्प असेल, तर मधल्या सुट्टीत त्याच्याजवळ जा आणि "बरा आहेस ना?" असे विचारा. उत्तर मिळेपर्यंत तेथून उठू नका.